पित्ताशयातील बदल: खड्यांमुळे झालेले आणि ईआरसीपीनंतरचे

पित्तनलिकेत अडकलेला खडा ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढला जातो. पुढे पित्ताशयही काढले की त्याच्या अहवालात ‘जुनाट दाह’ असे शब्द येतात आणि दुर्बिणीच्या त्या प्रक्रियेनेच पित्ताशय बिघडले, अशी शंका रुग्णाला येते. बहुतेक वेळा ती चुकीची असते.

खडे दीर्घकाळ राहिलेल्या पित्ताशयाची भिंत सावकाश जाड होते. स्नायूंचा थर वाढतो, तंतुमय ऊती साचते, लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या जुनाट दाहात दिसणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी पसरतात. आतले अस्तर स्नायूंच्या थरात खिशांसारखे घुसते, आणि या खिशांना रोकिटान्स्की-आशॉफ सायनस म्हणतात. ही रचना आठ-दहा दिवसांत घडत नाही, त्यामुळे नुकत्याच झालेल्या प्रक्रियेकडे तिचा दोष जात नाही.

ईआरसीपीनंतरच्या बदलांचे मूळ वेगळे आहे. रुग्गेरो ओडी यांनी १८८७ मध्ये वर्णन केलेला पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला वर्तुळाकार स्नायू आतड्यातील द्रव वर चढू देत नाही. खडा बाहेर काढण्यासाठी ईआरसीपीत केल्या जाणाऱ्या, १९७४ मध्ये सुरू झालेल्या स्फिंक्टेरोटॉमीत तो कापला जातो, आणि मग एरवी जवळजवळ निर्जंतुक असलेल्या पित्तात ई. कोलाय, एन्टेरोकॉकस यांसारखे आतड्यातील जिवाणू पोहोचतात. जिवाणू पोहोचले म्हणजे दाह झालाच, असे मात्र नाही. मुखाशी अडथळा कमी झाल्याने पित्ताशय उलट अधिक सहज रिकामे होऊ शकते. पित्ताशयाला पित्तनलिकेशी जोडणारी पित्ताशयनलिका खड्याने तुंबली किंवा पित्तनलिका उघडी ठेवण्यासाठी घातलेल्या नळीने, म्हणजे स्टेंटने, तिचे तोंड झाकले, तर धोका वाढतो. अशा वेळी भिंतीत सूज, रक्तसंचय आणि न्यूट्रोफिल या ताज्या दाहात येणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी दिसते, क्वचित ऊतीचा काही भाग मृतही होतो.

खरी अडचण येते ती दोन्ही प्रकार एकाच नमुन्यात सापडतात तेव्हा. तंतुमयता जुनी आणि न्यूट्रोफिल ताजे, एवढे सूक्ष्मदर्शक सांगतो. पण पित्ताशयनलिकेत अडकलेला खडाही, ईआरसीपी झालेली नसताना, तोच ताजा दाह घडवू शकतो. त्यातच काही आठवडे उलटले की ताजा दाहही तंतुमयतेकडे झुकतो आणि दोहोंतली रेषा पुसट होते. म्हणून नमुना पाठवताना प्रक्रियेची तारीख, स्टेंट घातला होता का आणि पोटदुखी कधी सुरू झाली, हे अर्जावर लिहिलेले असावे. माझ्या मते, ही माहिती नसेल तर ‘जुनाट दाहावर तीव्र दाह’ एवढ्या निदानावरून प्रक्रियेला कारण ठरवू नये.