जेरी राईसचे २२,८९५ यार्ड आले कुठून

अमेरिकन फुटबॉलमध्ये एखादा नवीन वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलून पुढे पळणारा खेळाडू, दोन-तीन सीझन भारी खेळला की लगेच चर्चा सुरू होते, हा जेरी राईसला गाठणार का, आणि मग कोणीतरी आकडा टाकतो, २२,८९५ यार्ड, म्हणजे राईसने करिअरभरात पास झेलून पुढे काढलेलं अंतर, की चर्चा तिथेच थंड पडते. दुसऱ्या नंबरवर लॅरी फिट्झजेराल्ड आहे, तो १७ सीझन खेळून १७,४९२ वर थांबला. सीझनला १,००० यार्ड झाले की रिसीव्हर चांगला असं धरतात, तर असे १,००० कोणी २२ वर्षं ओळीने काढले तरी राईस पुढेच राहतो. या सगळ्याचं उत्तर नेहमी एका शब्दात देतात, मेहनत. मेहनत तर होतीच, पण मला वाटतं नुसतं तेवढं सांगितलं तर अर्धी गोष्ट राहून जाते, कारण राईस येण्याच्या खूप आधीपासून हा खेळ हळूहळू त्याच्या बाजूला सरकत आला होता.

मुळात या खेळात बॉल पुढे फेकायलाच परवानगी नव्हती. १९०६ मध्ये फॉरवर्ड पास कायदेशीर झाला पण अटी अशा की पास कोणी झेलला नाही तर टीमला जबर शिक्षा, म्हणजे फेकायची हिंमत कोण करणार. रिसीव्हर ही पोझिशन खऱ्या अर्थाने उभी केली ग्रीन बे पॅकर्सच्या डॉन हटसनने, १९३५ ते १९४५. सगळ्या टीम बॉल पोटाशी धरून पळत होत्या त्या काळात त्याने पास झेलून ९९ टचडाउन (समोरच्या टीमच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, बॉल नेऊन केलेला स्कोर) केले, आणि तो रेकॉर्ड मोडला कधी तर १९८९ मध्ये, सिअ‍ॅटलच्या स्टीव्ह लार्जंटने. तोवर राईसचं करिअर जोरात सुरू झालेलं होतं.

यात सगळ्यात महत्त्वाचं वर्ष म्हणजे १९७८, आणि फॅन लोक नेमकं तेच विसरतात. त्याआधी बॉल हवेत जाईपर्यंत डिफेन्डर रिसीव्हरला वाटेल तिथे धक्के मारू शकायचा, पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट त्यात इतका तरबेज की नवीन नियमाला लोक त्याचंच नाव देतात. नियम असा, की पहिले पाच यार्ड सोडले तर रिसीव्हरला अडवायला धक्का मारायचा नाही. म्हणजे वेगाने आणि अचूक पळणाऱ्या माणसाला पहिल्यांदा मोकळी वाट मिळाली.

दुसरा धागा सिनसिनाटीच्या टीमचा. १९७० मध्ये बिल वॉल्श तिथे असिस्टंट कोच होता, त्यांचा जबरदस्त हाताचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ग्रेग कुक खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि उरला व्हर्जिल कार्टर, डोक्याने हुशार पण लांब फेकायची ताकद नाही. मग वॉल्शने त्याच्यासाठी छोटे छोटे, ठरलेल्या वेळेत सुटणारे पास बसवले. रिसीव्हर तीन पावलं पळून आत वळणार, बॉल त्याच्या छातीसमोर येणार, वेग न तोडता झेलायचा आणि पुढे पळत सुटायचं. याला स्लँट म्हणतात. हीच पद्धत घेऊन वॉल्श १९७९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सचा हेड कोच झाला. पास सहा यार्डांचा पण झेलणारा माणूस पुढे साठ यार्ड काढेल, असा माणूस फक्त त्याला हवा होता.

तो माणूस तेव्हा मिसिसिपीत विटा झेलत होता. क्रॉफर्ड नावाचं अगदी लहान गाव, वडील जो नॅथन राईस गवंडी, घरात आठ मुलं, उन्हाळ्यात जेरी आणि त्याचे भाऊ वडिलांच्या हाताखाली कामाला. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर परांचीवर उभा राहून झेलायचा. मिसिसिपीचा उन्हाळा, तापलेल्या खरखरीत विटा, आणि वीट झेलताना हात थोडा मागे नेला नाही तर तळवा सोलून निघतो. त्याच्या हातांचं जे कौतुक होतं त्याची सुरुवात इथली, असं तो स्वतःच सांगत आलाय.

शाळेतही तो फुटबॉलमध्ये आला ते वर्ग चुकवताना सापडला म्हणून. व्हाइस प्रिन्सिपॉल मागून आले, हा दचकून असा सुसाट पळाला की त्यांनी शिक्षा तर केलीच वर कोचलाही सांगितलं, या पोराकडे बघा. पण मोठ्या कॉलेजांनी स्कॉलरशिप दिली नाही. प्रत्यक्ष येऊन त्याला बघणारा कोच एकच, मिसिसिपी व्हॅली स्टेटचा आर्ची कूली. इट्टा बेना गावातलं हे कृष्णवर्णीयांचं कॉलेज, पैसा कमी पण कूलीच्या डोक्यात भन्नाट कल्पना, तीन-चार रिसीव्हर एकाच बाजूला एकामागे एक उभे करायचे, दोन डावांमध्ये घोळका करून चर्चा करायची नाही, आणि बॉल सतत हवेत. क्वार्टरबॅक विली टॉटन. १९८४ च्या सीझनमध्ये या टीमची सरासरी मॅचमागे ६० पॉइंटच्या घरात होती आणि एकट्या राईसने २७ टचडाउन पास झेलले. आज तिथल्या स्टेडियमला राईस-टॉटन स्टेडियम म्हणतात. मला कूलीचं फार वाटतं, कारण राईसचं कौतुक करताना त्याचं नाव क्वचितच निघतं आणि खरं तर पास झेलण्याची सवय त्यानेच इतक्या प्रचंड प्रमाणात लावली.

ऑक्टोबर १९८४, फोर्टीनाइनर्सची ह्यूस्टनला मॅच, आदल्या रात्री वॉल्श हॉटेलच्या रूममध्ये टीव्ही बघत होता आणि त्यावर व्हॅलीच्या मॅचचे तुकडे लागले. तेव्हापासून राईस त्याच्या डोक्यात बसला. बाकी टीमचे स्काउट मात्र कचरत होते, कॉलेज लहान, समोरच्या टीम कमजोर, आणि ४० यार्डांच्या शर्यतीतली वेळ साधारणच. वॉल्शची टीम नुकतीच सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेली, त्यामुळे १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, नंबर शेवटचा, २८ वा. त्याने न्यू इंग्लंडशी सौदा करून १६ वी जागा घेतली, आणि १७ वर डॅलस टपून बसलेलं होतं. राईसच्या आधी दोन रिसीव्हर गेले, अल टून आणि एडी ब्राउन.

पहिलं वर्ष मात्र वाईट गेलं. हातातले बॉल सुटायचे, कॅन्डलस्टिक पार्क या घरच्या मैदानावर स्वतःच्याच फॅन लोकांनी हुर्यो उडवली. मग डिसेंबरमध्ये रॅम्स या टीमविरुद्ध सोमवार रात्रीच्या मॅचमध्ये १० कॅच आणि २४१ यार्ड, आणि तिथून गाडी रुळावर आली. १९८७ ला खेळाडूंच्या संपामुळे तो फक्त १२ मॅच खेळला तरी २२ टचडाउन पास झेलले, त्या वर्षी त्याच्या खालोखालचा रिसीव्हर होता माइक क्विक, ११ वर. म्हणजे बरोबर दुप्पट. रँडी मॉसने २००७ ला २३ करून हा रेकॉर्ड मोडला खरा पण १६ मॅचमध्ये, त्यामुळे माझ्या दृष्टीने १९८७ चं वर्ष अजूनही सगळ्यात वर आहे.

जानेवारी १९८९ चा सुपर बोल, मायामी, सिनसिनाटी १६-१३ ने पुढे, तीन मिनिटांच्या वर थोडा वेळ आणि फोर्टीनाइनर्स स्वतःच्या ८ यार्ड लाइनवर. ९२ यार्ड जायचं होतं. मध्येच पेनल्टीमुळे बॉल आपल्याकडे ठेवायला २० यार्ड लागतील अशी वेळ आली तेव्हा क्वार्टरबॅक जो मोंटानाने मधोमध पास टाकला, तीन डिफेन्डरच्या गराड्यात राईसने झेलला आणि २७ यार्ड काढले. शेवटचा टचडाउन जॉन टेलरचा, त्यात राईसचं काम होतं फक्त पळून डिफेन्सचं लक्ष स्वतःकडे ओढायचं. एकूण ११ कॅच, २१५ यार्ड, आणि मॅचचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी).

आता मेहनत. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात सॅन कार्लोसला एजवुड पार्क आहे, तिथले मराठी लोक सहज जाऊन बघू शकतील. त्या टेकडीची सुमारे अडीच मैलांची चढाची वाट, त्यावर राईस आणि त्याच्याच टीममधला रॉजर क्रेग ऑफ-सीझनला पळायचे, आणि मग दुपारी वजनं. प्रॅक्टिसमध्ये पाच यार्डांचा साधा पास झेलला तरी हा थेट एंड झोनपर्यंत पळून यायचा. त्यामुळेच मोंटाना जाऊन स्टीव्ह यंग आला, डावखुरा, म्हणजे बॉलची फिरकी उलटी, तरी राईसचं काही बिघडलं नाही, यंगबरोबर तर ८५ टचडाउन झाले. १९९५ ला, वयाच्या तेहतिशीत, १२२ कॅच आणि १,८४८ यार्ड.

ऑगस्ट १९९७ ला टॅम्पामध्ये समोरच्या टीमच्या वॉरन सॅपने हेल्मेटची जाळी धरून खाली खेचलं आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटले. डिसेंबरमध्ये तो परत आला, टचडाउन झेलला आणि पडताना गुडघ्याची वाटीच तडकली. परत यायची घाई झाली असं मला वाटतं. पण त्यानंतरही तो सात सीझन खेळला, २००२ ला ओकलंडच्या रेडर्सकडून ४० व्या वर्षी ९२ कॅच, १,२११ यार्ड काढले आणि पुन्हा एकदा सुपर बोल खेळला.

एक गोष्ट मात्र लपवायला नको. २०१५ मध्ये राईसने ग्लोव्ह्जवर चिकट स्प्रे मारायचो हे कबूल केलं, आणि तो स्प्रे १९८१ पासून बॅन आहे. तेव्हा सगळेच वापरायचे असं तो म्हणाला, पण बॅन तो बॅन, मला ते पटलं नाही. तरी कॅच झाल्यावरचे पळून काढलेले यार्ड स्प्रेने येत नाहीत, आणि त्याचे बरेचसे यार्ड तसलेच आहेत.

२००५ ला डेन्व्हरच्या कॅम्पमध्ये चौथ्या नंबरचा रिसीव्हर म्हणून राहावं लागेल असं दिसल्यावर त्याने सीझन सुरू व्हायच्या आत निवृत्ती घेतली. पुढच्या वर्षी फोर्टीनाइनर्सने त्याला एका दिवसाचा मानाचा करार दिला, रक्कम १९,८५,८०६ डॉलर ४९ सेंट, ड्राफ्टचं वर्ष १९८५, जर्सी ८०, निवृत्तीच्या कराराचं वर्ष ०६ आणि टीमचे ४९. पैसे प्रत्यक्षात दिले-घेतले नाहीत, पण जर्सी नंबर ८० चा माणूस रिटायर झाला तो फोर्टीनाइनर म्हणूनच.