एफएफपी आणि पीएसआर: दोन दरवाजे, दोन हिशेब

जुलै २०२५ मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, लंडनच्या चेल्सी क्लबला ३.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. ज्या वर्षांच्या हिशेबावरून हा दंड झाला, त्याच वर्षांच्या हिशेबावरून प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगने, चेल्सीवर काहीच कारवाई केलेली नव्हती. क्लब तोच, वह्या त्याच. इंग्लंडात पास आणि युरोपात नापास. आमच्या मॅच बघणाऱ्या मित्रांमध्ये त्या आठवड्यात एकच वाक्य फिरत होतं: ‘एफएफपीचं काही खरं नाही, माणूस बघून नियम लावतात.’ मला ते पटलं नाही. चेल्सी एकाच परीक्षेत पास आणि नापास झालेली नव्हती. परीक्षा दोन होत्या आणि आपण दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो.

एफएफपी, म्हणजे फायनान्शियल फेअर प्ले, हा युएफाचा नियम. २०१० साली तो मंजूर झाला. त्याच वर्षी इंग्लंडचा पोर्ट्समथ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला होता, आणि दोनच वर्षांपूर्वी या क्लबने एफए कप उचलला होता. कप जिंकायचा, मग पगार द्यायला पैसे नाहीत, हे चित्र युरोपभर दिसत होतं. क्लबने जेवढं कमवावं साधारण तेवढंच खर्चावं, आणि दुसऱ्या क्लबचे, खेळाडूंचे, सरकारचे पैसे थकवू नयेत, एवढा त्याचा गाभा. २०२२ मध्ये युएफाने नियम नव्याने लिहिले आणि त्यांच्या पुस्तकातून ‘फेअर प्ले’ हे शब्द गेले. आता ते ‘आर्थिक टिकाऊपणाचे’ नियम आहेत. चाहत्यांच्या तोंडी मात्र जुनं नावच राहिलं.

पीएसआर, म्हणजे प्रॉफिट अँड सस्टेनेबिलिटी रूल्स, हा प्रीमियर लीगचा घरचा कायदा. २०१३ मध्ये लीगच्या २० क्लबांनी आपसांत मतदान करून तो स्वीकारला. तिथे कुठलाही नियम करायला किंवा बदलायला १४ मतं लागतात. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

पहिला फरक अधिकाराचा. युएफाला प्रीमियर लीगच्या गुणतक्त्याला हात लावता येत नाही. चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग आणि कॉन्फरन्स लीग या तीन स्पर्धांच्या दारात ती उभी असते. तिच्याकडे दंड आहे, संघाची यादी छोटी करणं आहे, आणि शेवटी दार बंद करणं आहे. २०१४ मध्ये मँचेस्टर सिटी आणि पॅरिसचा पीएसजी यांना प्रत्येकी ६ कोटी युरोंचा दंड झाला, त्यातले ४ कोटी स्थगित ठेवले गेले आणि चॅम्पियन्स लीगसाठी २५ ऐवजी २१ खेळाडूंची यादी द्यावी लागली. एसी मिलान २०१९-२० च्या युरोपा लीगला मुकला. युव्हेंटसला २०२३-२४ ची कॉन्फरन्स लीग खेळता आली नाही. पण इटलीच्या लीगमधले त्यांचे गुण युएफाने कापले नाहीत, कारण ते तिच्या हातातच नाहीत.

प्रीमियर लीगचं उलट. तिथला घाव थेट गुणतक्त्यावर बसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टनचे १० गुण वजा झाले, अपिलात ते ६ वर आले, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. यातला एकही क्लब त्या मोसमात युरोपात खेळत नव्हता, म्हणजे युएफाचा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता. तरी ‘एफएफपीमुळे एव्हर्टनचे गुण कापले’ हे वाक्य मी आजही रोज ऐकतो.

आता खुद्द आकड्यांकडे येऊ. पीएसआरमध्ये तीन वर्षांचा तोटा एकत्र धरतात. मर्यादा १०.५ कोटी पौंड, म्हणजे वर्षाला ३.५ कोटी. त्यातही तीन वर्षांत फक्त दीड कोटी तोटा असाच माफ आहे. वरचे ९ कोटी मालकाने शेअर घेऊन खिशातून भरून द्यायचे. अकादमी, महिला फुटबॉल, स्टेडियमची बांधणी, समाजोपयोगी काम यांवरचा खर्च तोट्यातून वगळला जातो. आणि जे वर्ष क्लबने खालच्या चॅम्पियनशिपमध्ये काढलं असेल, त्या वर्षापुरती मर्यादा ३.५ वरून १.३ कोटींवर येते. फॉरेस्टचं दुखणं इथेच होतं. तीनपैकी दोन वर्षं खालच्या लीगमध्ये, एक वर्ष वरच्या: १.३ अधिक १.३ अधिक ३.५, एकूण ६.१ कोटी. ते ३.४५ कोटींनी पुढे गेले.

युएफाची मोजपट्टी दोन पदरी आहे. पहिला पदर तोट्याचाच: तीन वर्षांत ६ कोटी युरो, प्रकृती धडधाकट असलेल्या क्लबला ९ कोटींपर्यंत. दुसरा पदर जास्त कडक, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचा आहे. खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक यांचे पगार, खेळाडूंच्या किमतीचा त्या वर्षाचा हिस्सा आणि एजंटांची फी, हे सगळं मिळून क्लबच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. २०२३-२४ मध्ये ही रेघ ९० वर होती, मग ८०, आणि २०२५-२६ पासून ७०. तोटा कोणी कुठे दाखवला यावर वाद घालता येतो. शंभर रुपये येतात त्यातले किती मैदानावर जातात, हे लपवणं तितकं सोपं नाही.

‘खेळाडूंच्या किमतीचा त्या वर्षाचा हिस्सा’ या शब्दांपाशी जरा थांबायला हवं, कारण चाहत्यांची निम्मी भांडणं इथे जन्मतात. दोन्ही नियमांत ट्रान्सफरची, म्हणजे खेळाडू विकत घेतल्याची, पूर्ण रक्कम एका वर्षात खर्ची पडत नाही. कारखान्यात यंत्र घेतलं की त्याची किंमत घसाऱ्यासारखी वर्षावर्षाने उतरवतात, तसंच खेळाडूचं. १० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वहीत दरवर्षी २ कोटी पडतात. विक्रीचा नफा मात्र वहीत लगेच, विकला त्याच वर्षी येतो. म्हणून ‘५ कोटींना घेतला आणि दोन वर्षांनी ४ कोटींना विकला, १ कोटीचं नुकसान’ हा आपला हिशेब क्लबच्या वहीत उलटा होतो. पाच वर्षांच्या करारातली दोन वर्षं गेली, २ कोटी उतरले, वहीत त्याची किंमत उरली ३ कोटी. ४ ला विकला म्हणजे १ कोटी नफा. ‘या उन्हाळ्यात अमुक क्लबने ३० कोटी उधळले, मग यांना शिक्षा कशी नाही?’ या प्रश्नाचं उत्तरही हेच. ते ३० कोटी सगळे यंदाच्या वहीत आलेलेच नाहीत; करार पाच वर्षांचे असतील तर यंदा फक्त पाचवा हिस्सा, बाकीचे पुढच्या चार वर्षांच्या पानांवर जाऊन बसलेत.

चेल्सीने हीच गोष्ट ताणून पाहिली. जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेस यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले. वर्षं जितकी जास्त, तितका दरवर्षीचा हिस्सा लहान. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युएफाने जाहीर केलं की करार कितीही लांब असो, हिशेबात पाचच वर्षं धरणार. प्रीमियर लीगलाही तोच नियम डिसेंबर २०२३ मध्ये करावा लागला. मधले काही महिने एकाच प्रकारची खरेदी दोन वह्यांत दोन तऱ्हेने लिहिता येत होती.

आणि मग ती हॉटेलं. स्टॅमफर्ड ब्रिज या आपल्या स्टेडियमच्या आवारातली दोन हॉटेलं चेल्सीने आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली. पुढच्या वर्षी महिला संघही आपल्याच समूहातल्या कंपनीला विकला आणि त्यातून जवळपास २० कोटी पौंडांचा नफा दाखवला. या खिशातलं त्या खिशात. प्रीमियर लीगच्या नियमात अशा विक्रीला बंदी नव्हती, फक्त किंमत रास्त असायला हवी होती. पळवाट बुजवायचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला, पण ती १४ मतं जमली नाहीत. युएफाने मात्र आपल्याच घरातल्या विक्रीचा नफा उत्पन्नात धरायलाच नकार दिला. ती रक्कम काढून टाकल्यावर खाली तोटा उघडा पडला आणि दंड झाला. म्हणजे यात कोणी माणूस पाहिला नाही. एका वहीत ती ओळ चालते, दुसरीत चालत नाही. मला युएफाचं बरोबर वाटतं. महिला संघ ही ताळेबंद सावरायची वस्तू झालेली पाहून वाईट वाटलं.

मँचेस्टर सिटीच्या प्रकरणातला गोंधळ याहून मोठा आहे. आपल्याकडे सिटीचे चाहते थोडके नाहीत. २०१९ मध्ये सिटीच्या मालक कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटी या क्लबात बहुमताचा हिस्सा घेतल्यावर तर निळ्या जर्सीचं नातं अगदी घरचं झालं. त्यांचा प्रश्न असतो: ‘२०२० मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं, मग ११५ आरोप परत कुठून आले?’ २०२० चा खटला युएफाचा होता. फेब्रुवारीत तिने सिटीला दोन मोसमांची बंदी आणि ३ कोटी युरो दंड दिला. जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने बंदी उठवली आणि तपासात सहकार्य न केल्याबद्दल दंड १ कोटीवर आणला. लवादाला काही आरोप सिद्ध झालेले वाटले नाहीत, तर काही युएफाच्याच पाच वर्षांच्या मुदतीबाहेरचे निघाले. फेब्रुवारी २०२३ चे आरोप प्रीमियर लीगचे आहेत, आणि ते २००९-१० पर्यंत मागे जातात. सिटीने ते नाकारले आहेत. दोन नियम इथे एका जागी गुंततात, कारण क्लबने युएफाचे आर्थिक नियम पाळले पाहिजेत असं कलम लीगच्या पुस्तकातही आहे आणि काही आरोप त्याच कलमाखालचे आहेत. तरी फिर्यादी वेगळा, पुस्तक वेगळं, शिक्षाही वेगळी. आणि यातले गंभीर आरोप जास्त तोटा केल्याचे नाहीत, खरी माहिती न दिल्याचे आहेत. ‘सिटीने जास्त पैसे खर्च केले म्हणून’ असं त्यांचे चाहतेही म्हणतात आणि विरोधकही म्हणतात, आणि दोघंही मूळ मुद्द्याच्या बाजूने निघून जातात.

(स्पेनची ला लिगा तर तिसऱ्याच वाटेने जाते. तिथे मोसमाआधीच पगाराची कमाल मर्यादा ठरते, आणि तिच्यात बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनाला मेस्सीला ठेवता आलं नाही, ते यामुळे. त्यात ना एफएफपी, ना पीएसआर.)

दोन्ही नियमांचं एक दुखणं मात्र सारखं आहे, आणि मी त्यावर अजिबात तटस्थ नाही. अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य असते. त्याला विकलं की आलेला पैसा जवळजवळ सगळाच नफा. म्हणून ३० जूनला हिशेबाचं वर्ष संपत आलं की क्लब आधी घरचं पोर बाजारात काढतात. फॉरेस्टने आठव्या वर्षापासून वाढवलेला ब्रेनन जॉन्सन अखेर टॉटनहॅमला विकला, पण १ सप्टेंबर २०२३ ला. ‘थांबलो म्हणून जास्त पैसे मिळाले’ हा त्यांचा युक्तिवाद प्रकरण ऐकणाऱ्या आयोगाने मानला नाही. ३० जूननंतरचा पैसा मागच्या वर्षाच्या वहीत येत नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांनी धडा घेतला. जून २०२४ च्या शेवटच्या दिवसांत अ‍ॅस्टन व्हिला, चेल्सी, एव्हर्टन यांच्यात तरुण पोरांची अदलाबदल सुरू झाली. न्यूकॅसलचाच पोरगा एलियट अँडरसन फॉरेस्टला गेला, आणि पुढे इंग्लंडकडून खेळला.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने बघत मोठा झालो. तालमीचा संघ म्हणजे पेठेतली पोरं. बाहेरचे खेळाडू आले, त्यांच्यासाठीही आम्ही घसा फोडला, पण गल्लीतल्या पोराने गोल मारला की पेठ वेगळी ओरडते. क्लब जगावा म्हणून केलेला नियम जेव्हा याच पोराला सगळ्यात आधी विकायला लावतो, तेव्हा त्या नियमातलं काहीतरी उलटं बांधलं गेलंय असं मला मनापासून वाटतं. विक्रीचा नफा अकादमीच्या पोरांपुरता हिशेबाबाहेर ठेवला, तर हा मोह बराच कमी होईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी पीएसआर मोडीत काढायचं ठरवलं. २०२६-२७ पासून तिथेही युएफासारखंच खर्चाचं प्रमाण मोजलं जाणार, फक्त रेघ ८५ टक्क्यांवर. दोन्ही नियम आता दिसायला सख्खे भाऊ होणार, त्यामुळे गल्लत वाढणार हे नक्की. समजा, एखाद्या क्लबने उत्पन्नाच्या ८० टक्के संघावर लावले, मोसम छान गेला, सहावा आला. लीगच्या नियमात तो सुखरूप आहे. पण युरोपचं तिकीट मिळालं की दारात ७० ची रेघ उभी.

व्हिलाला याचा चटका आधीच बसलाय. जुलै २०२५ मध्ये चेल्सीबरोबर त्यांनाही युएफाने १.१ कोटी युरोंचा दंड केला, आणि युरोपच्या यादीत नवे खेळाडू घालण्यावर अट घातली. पुढच्याच महिन्यात त्यांनी जेकब रॅम्झीला विकलं, बर्मिंगहॅमचा, अगदी लहानपणापासून व्हिलाच्या अकादमीत वाढलेला पोरगा. घेणारा क्लब होता न्यूकॅसल, ज्याने वर्षभरापूर्वी आपला अँडरसन विकला होता.