मोतीबिंदूची भूल: सुई कुठून आली आणि कुठे गेली

दिवाळीनंतर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फेकोचं (म्हणजे मशीनने मोतीबिंदू डोळ्यातच फोडून बारीक कापातून ओढून घ्यायचा), आणि भूल म्हणून डोळ्यात नुसते थेंब टाकले. वीस मिनिटांत बाहेर आली आणि पहिलं वाक्य काय, तर "अगं, लाल-निळे लाइट दिसत होते मला, डॉक्टर काय बोलतायत तेपण सगळं कळत होतं." दोन महिन्यांनी मावशीचं झालं, दुसऱ्या दवाखान्यात, तिला डोळ्याखाली इंजेक्शन दिलं. झालं, घरात चर्चा सुरू, की मावशीचा डॉक्टर जुन्या वळणाचा दिसतोय. ते तसं नसतं. पण ते कळायला जरा मागे जावं लागतं.

खूप मागे गेलं तर सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू शलाकेने बाजूला सारायची कृती दिलीये. भूल नाही, माणसाला नीट धरून बसवायचं, आणि नंतर शिंकायचं नाही, खोकायचं नाही, ढेकर द्यायची नाही, थुंकायचं नाही. आपल्या मराठ्यांच्या तंजावरला दुसरे सरफोजी राजे होते, त्यांच्या धन्वंतरी महालात १८२७च्या आसपासच्या डोळ्याच्या पेशंटांच्या नोंदी सापडल्यात, चित्रांसकट. तेव्हाही डोळा बधिर करायला काही नव्हतंच. युरोपात दाव्हिएल नावाच्या फ्रेंच सर्जनने १७४७ मध्ये मोतीबिंदू बाहेर काढायला सुरुवात केली, तीही तशीच.

१८४६ मध्ये ईथर आलं, बाकीच्या सर्जन लोकांना मोठा दिलासा मिळाला, पण डोळेवाल्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. कारण ईथरमधून उठल्यावर माणूस ओकतो. डोळ्याला काप मोठा आणि टाके धड नाहीत, अशात उलटीचा जोर आला की डोळ्यातला ऐवजच बाहेर. थोडक्यात पूर्ण भूल नको होती, फक्त डोळा बधिर हवा होता.

ते जमलं व्हिएन्नात, १८८४ साली. कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर, आणि त्याचा दोस्त सिग्मंड फ्रॉइड, तोच तो मनोविश्लेषणवाला. फ्रॉइडला तेव्हा कोकेनचं फार कौतुक होतं, पण तो होणाऱ्या बायकोला भेटायला गेला आणि इकडे कोलरच्या डोक्यात आलं की कोकेनने जीभ बधिर होते, मग डोळा का नाही होणार? आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकून बघितला, मग सशाच्या, कुत्र्याच्या, मग तो आणि त्याचा सहकारी दोघांनी स्वतःच्याच डोळ्यात टाकून टाचणीचं डोकं बुबुळावर दाबून बघितलं. काहीच कळेना! १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या नेत्रपरिषदेत हे जाहीर झालं, पण वाचून दाखवलं दुसऱ्याच डॉक्टरने, कारण कोलरकडे जायला पैसे नव्हते. म्हणजे बघा, सुरुवातच थेंबांनी झालीये. आईवर जे केलं ते अगदी नवीन वगैरे नाही, १४० वर्षांपूर्वीची आयडिया आहे.

मग मधे सुई आली कशी? एक तर कोकेन वाईट औषध, बुबुळाच्या काचेला इजा करतं आणि व्यसन लावतं ते वेगळंच. दुसरं म्हणजे थेंबाने दुखणं जातं, पण डोळा हलायचा थांबत नाही. दहा-बारा मिलिमीटरचा काप घेऊन डोळा उघडा असताना तो हलला किंवा पापणी जोरात मिटली तर संपलंच. म्हणून १९१४ मध्ये व्हॅन लिंटने पापणी मिटवणाऱ्या नसेला सुन्न करायचं इंजेक्शन काढलं, आणि १९३० नंतर अ‍ॅटकिन्सनने डोळ्याच्या मागे द्यायचं इंजेक्शन, रेट्रोबल्बर, चांगलं रुळवलं. दीडेक इंचाची सुई, थेट डोळ्यामागच्या स्नायूंच्या शंकूत. औषध थोडं लागतं आणि डोळा एकदम गार. पुढे लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध आलं आणि हे फारच सोपं झालं.

माझ्या आजीचं असंच झालेलं, १९८८ मध्ये, शाळेत भरलेल्या शिबिरात. कानापाशी एक, डोळ्याखाली एक, मग डोळ्यावर कापसाचा बोळा ठेवून कुणीतरी दाबून धरला, एवढं ती नेहमी सांगायची. डोळ्यात लेन्स वगैरे बसवली नाही, नंतर तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा जन्मभर.

रेट्रोबल्बरचा धोका म्हणजे सुई जिथे जाते तिथेच नजरेची नस आणि रक्तवाहिन्या. मागे रक्तस्राव होतो, क्वचित डोळ्याला भोक पडतं, अगदी क्वचित औषध मेंदूपर्यंत जाऊन श्वास थांबतो. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की सुई देताना पेशंटला "वर आणि नाकाकडे बघा" सांगायची अ‍ॅटकिन्सनची पद्धत होती, आणि १९८१ मध्ये सीटी स्कॅन करून बघितलं तर तसं बघितल्यावर नस सुईच्या आणखी जवळ येते! पंचेचाळीस वर्षं हेच चाललेलं.

म्हणून १९८६च्या सुमाराला पेरिबल्बर, म्हणजे डोळ्याच्या भोवती द्यायचं इंजेक्शन आलं, सुई आखूड, शंकूच्या बाहेरच थांबायचं, औषध जास्त घालायचं आणि पसरायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची. आपल्याकडच्या शिबिरांमध्ये आजही बरंच हेच चालतं. मग १९९२ मध्ये लंडनच्या स्टीव्हन्सने सब-टेनॉनची सोपी पद्धत मांडली, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बारीक चीर देऊन बोथट नळीने औषध सोडायचं. टोकदार काही आतच जात नाही, आणि दुखणंही थेंबांपेक्षा कमी राहतं असं अभ्यासांत दिसलंय. माझ्या मते हिचं कौतुक जितकं व्हायला हवं तितकं होत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत फिचमनने पुन्हा नुसत्या थेंबांवर फेको करून दाखवलं. हे जमलं ते औषध फार सुधारलं म्हणून नाही, काप लहान झाला म्हणून. अमेरिकेतल्या डॉक्टर केलमनचं फेकोचं मशीन १९६७ पासून होतं, त्यात घडी होणारी लेन्स आली, काप तीन मिलिमीटरवर आला, डोळा जवळपास बंदच राहतो, मग थोडा हलला तरी चालतं. १९९८ मध्ये तर चेन्नईच्या अमर अगरवालांनी अहमदाबादला थेंबसुद्धा न टाकता ऑपरेशन केलं. करता येतं म्हणून सगळ्यांनी करावं असं अर्थातच नाही.

आता आमच्या घरातलं. आईचा डोळा मोठ्या मायनस नंबरचा, म्हणजे लांबट, त्यात सुई लागायची भीती जास्त, शिवाय ती रक्त पातळ व्हायची गोळी घेते. तिला थेंबच बरे. मावशीचा बिंदू पार पिकून तपकिरी झालेला, फेको न करता हाताने काढायचा म्हणजे काप मोठा, आणि तिला ऐकू येतं कमी. थेंबाच्या ऑपरेशनात डॉक्टर सारखं "लाइटकडे बघा, हलू नका" सांगत असतात, ते तिला कुठून ऐकू येणार? तिला विचारलं कसं झालं, तर म्हणे, "काय माहीत बाई, मला मधेच झोप लागली."