पायथन २ वरून ३ वर स्थलांतर : साधनाने की हाताने

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या ३.० आवृत्तीने जुन्या कोडशी सुसंगती जाणूनबुजून सोडली. पायथन २.७ चा आधार आधी २०१५ पर्यंतच होता. तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला, यावरूनच हे काम किती चिवट होते ते कळते.

पायथनसोबत ३.१२ आवृत्तीपर्यंत मिळणारे 'टू-टू-थ्री' हे साधन वाक्यरचनेतले ठरीव बदल करते. प्रिंटला कंस लावते, 'एक्सरेंज'चे 'रेंज' करते, 'हॅज-की'च्या जागी 'इन' घालते. नुसते चालवले तर ते फक्त फरक दाखवते. '-डब्ल्यू' दिल्यावर फाइल बदलते आणि मूळ प्रत '.बॅक' नावाने ठेवते. या कामाला माणूस बसवू नये, दोनशेव्या कंसापाशी त्याला डुलकी लागणारच. मात्र एकाच फाइलवर हे साधन दोनदा चालवले, तर दोन मूल्ये छापणाऱ्या प्रिंटला कंसात कंस चढतो आणि ओळीऐवजी टपल (कंसातली मूल्यांची जोडी) छापला जातो.

खरी गोम अर्थ बदलतो तिथे आहे. ५/२ चे उत्तर पायथन २ मध्ये २, पायथन ३ मध्ये २.५. चल पूर्णांक आहे की अपूर्णांक, हे नुसता कोड वाचून साधनाला कळत नाही, म्हणून ते भागाकाराला हातच लावत नाही. जुना कोड पायथन २.७ वर '-३' देऊन चालवला की अशा जागी इशारे मिळतात. मग भागाकाराला एक तिरकी रेघ ठेवायची (उत्तर २.५) की दोन (उत्तर २), हे हिशेब जाणणाऱ्याने ठरवायचे. 'राउंड'ला २.५ दिल्यास पूर्वी ३ येई, आता २ येते. बिलात असा फरक कुठलीही त्रुटी न दाखवता मुरतो.

मजकुराचे दुखणे याहून मोठे. यूटीएफ-८ (अक्षरे बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत) मधल्या 'मराठी' या साध्या स्ट्रिंगची लांबी पायथन २ मध्ये १५ बाइट भरे. पायथन ३ मध्ये ती ५ भरते, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. इंग्रजी मजकुरावर चाचण्या केल्या तर हा फरक दिसतच नाही. बाइट्सवर सरळ 'एसटीआर' (मजकुरात रूपांतर करणारे फंक्शन) लावले तर सुरुवातीचा 'बी' आणि अवतरणचिन्हे अहवालात तशीच उमटतात. त्यामुळे फाइल, सॉकेट आणि डेटाबेस यांच्या सीमेवर डिकोड (बाइट्सचा मजकूर) कुठे करायचे, हे हातानेच ठरवावे लागते.

मोठ्या प्रणालीत 'सिक्स' या लायब्ररीच्या आधाराने कोड आधी दोन्ही आवृत्त्यांवर चालता करतात, चाचण्या दोन्हींवर लावतात आणि मगच पायथन २ सोडतात. साधनाने केलेले बदल आणि हाताने केलेले बदल एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) घालू नयेत. हजार कंसांच्या गर्दीत बदललेला एक भागाकार तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. चाचण्याच नसतील, तर साधन चालवण्याआधी त्या लिहाव्यात.

पायथन ३.१३ मधून 'टू-टू-थ्री' काढून टाकले आहे. आज जुना कोड हाती आला तर त्यासाठी ३.१२ किंवा त्याआधीची आवृत्ती बाजूला बसवावी लागते.