अंगवळणी पडते म्हणजे मेंदूत काय घडते?

नव्या वर्षाचा पहिला आठवडा उजाडला की एक संदेश हमखास फिरू लागतो: कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, तिची सवय होते. यंदा तो मला तीन निरनिराळ्या मंडळींकडून आला आणि त्यांपैकी एकाने त्याखाली पहाटे उठण्याची सवय लावून देणाऱ्या सशुल्क शिबिराची जाहिरातही जोडली होती. आपल्याकडे गणपतीला दुर्वा २१ आणि मोदकही २१, त्यामुळे हा आकडा कानावर पडताच आपल्याला तो ओळखीचा, किंबहुना पवित्र वाटत असावा. प्रत्यक्षात त्याचा उगम अमेरिकेतील एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात आहे.

मॅक्सवेल मॉल्ट्झ हे ते शल्यविशारद. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटू लागण्यास, किंवा पाय गमावलेल्या माणसाला तो पाय अजून जागेवरच असल्याचा भास होणे थांबण्यास, साधारण तीन आठवडे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. मनातील प्रतिमेत जाणवण्याजोगा बदल घडण्यास किमान २१ दिवसांच्या आसपास काळ लागतो, असे त्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहिले. म्हणजे विधान स्वतःविषयीच्या प्रतिमेचे होते, सवयीचे नव्हते, आणि त्यात ‘किमान’ हा शब्द होता. पुस्तकातून भाषणात आणि भाषणातून भित्तिपत्रकावर जाताना ‘किमान’ गळून पडला आणि प्रतिमेच्या जागी सवय येऊन बसली.

सवय लागण्यास किती दिवस लागतात, हे प्रत्यक्ष मोजण्याचा एक चांगला प्रयत्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१० साली छापून आला. त्यात ९६ स्वयंसेवक होते. प्रत्येकाने न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणे यासारखी एक साधी कृती निवडून ती दिवसातील एका ठरावीक प्रसंगाशी जोडली आणि ८४ दिवस रोज नोंदवले की ती कृती किती आपोआप, विचार न करता झाली. नोंदींचा आलेख सरळ रेषेत चढत नव्हता. सुरुवातीच्या पुनरावृत्तींनी तो झपाट्याने वर जाई आणि पुढे सपाट होत जाई. त्या सपाटीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचण्याचा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, पण व्यक्तिपरत्वे तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. इथे चाणाक्ष वाचक विचारील की ८४ दिवसांच्या अभ्यासात २५४ दिवस कोणी मोजले? कोणीच नाही. तो आकडा आलेखाचा वक्र पुढे वाढवून काढलेला आहे, आणि वक्र नीट बसला तोही केवळ ३९ जणांच्या नोंदींना. हल्ली ‘२१ नव्हे, ६६ दिवस’ असा सुधारित संदेश फिरू लागला आहे. तो वाचताना हे आठवावे. पुढे २०२३ साली अमेरिकेत व्यायामशाळांतील हजेरीच्या आणि रुग्णालयांतील हात धुण्याच्या कोट्यवधी नोंदी संगणकाने तपासल्या गेल्या, तेव्हा हात धुणे काही आठवड्यांत अंगवळणी पडते, तर व्यायामशाळेत जाण्यास काही महिने लागतात, असे दिसले. सर्व सवयींना लागू पडणारा एकच आकडा नाही, एवढेच यातून ठरते.

दिवसांच्या हिशेबापेक्षा मला ज्या प्रश्नाने भुरळ घातली आहे तो वेगळा आहे: ‘अंगवळणी पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा मेंदूच्या आत नेमके काय वळलेले असते?

रात्री वीज गेलेली आहे. एका हातात मेणबत्ती आहे. वीज नाही हे पक्के ठाऊक असूनही न्हाणीघरात शिरताना दुसरा हात दिव्याच्या बटणावर जातोच. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने सवय म्हणजे नेमके हेच. वारंवार केलेली कृती म्हणजे सवय नव्हे. फळ मिळणार नाही हे ठाऊक असतानाही, केवळ ओळखीची खूण समोर आल्यामुळे जी घडते ती सवय. ही व्याख्या प्रयोगशाळेत पक्की करण्याचे श्रेय केंब्रिजमधील अँथनी डिकिन्सन आणि ख्रिस्तोफर ॲडम्स यांना जाते. ॲडम्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना कळ दाबून साखरेची गोळी मिळवण्यास शिकवले. काही उंदरांनी १०० वेळा कळ दाबली, काहींनी ५०० वेळा. नंतर साखरेची गोळी खाल्ल्यावर मळमळ होईल असे औषध टोचून उंदरांच्या मनातून ती गोळी उतरवली आणि त्यांना पुन्हा कळीपाशी सोडले. या वेळी कळ दाबून गोळी मिळणार नव्हती. १०० वेळा सराव झालेल्या उंदरांनी कळ दाबणे बरेच कमी केले. ५०० वेळा सराव झालेले मात्र नकोशा झालेल्या गोळीसाठी कळ दाबत राहिले. पहिला गट फळाचा विचार करून वागत होता, तर दुसऱ्याच्या बाबतीत खूण आणि कृती यांची गाठ इतकी घट्ट बसली होती की फळ त्या हिशेबातून बाहेर पडले होते.

ही गाठ बसते कुठे? मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या आवरणाखाली, खोल गाभ्यात, बेसल गँग्लिया नावाचा पेशीसमूहांचा संच असतो, आणि त्याचे प्रवेशद्वार म्हणजे स्ट्रायटम. त्याचा आतल्या बाजूचा भाग मेंदूच्या योजना आखणाऱ्या पुढच्या भागाशी जोडलेला असतो, तर बाहेरचा भाग स्पर्श आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागांशी. सवय मुरत जाते तसा कारभार आतल्या भागाकडून बाहेरच्या भागाकडे सरकतो. उंदरांच्या स्ट्रायटमचा वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग निकामी केला, तर कितीही सराव झाला तरी ते फळाचा विचार करूनच वागतात. त्यांना सवय लागतच नाही.

स्ट्रायटममधील एकेका चेतापेशीपर्यंत वरून हजारो धागे येतात: काय दिसते आहे, कोणता वास येतो आहे, हात कुठे आहे, आत्ताच कोणती हालचाल झाली. यांपैकी कोणता धागा बळकट करायचा, हे ठरवण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. चेताशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन-पेशींची नोंद घेतली तेव्हा दिसले की अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्या पेशी जोराने पेटतात. रसाच्या आधी दरवेळी खूण दिली, तर काही काळाने त्या रसाला नव्हे, खुणेला पेटू लागतात. आणि खूण देऊन रस दिलाच नाही, तर रस मिळायचा त्या क्षणी त्यांची नेहमीची मंद टिकटिकही मंदावते. म्हणजे डोपामिन आनंद मोजत नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक मोजते. आता थोडे सूक्ष्मात जाऊ. चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधील सांधा, बळकट होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वरचा धागा पेटलेला हवा, त्याने स्ट्रायटममधील पेशी पेटवलेली हवी आणि त्यामागोमाग डोपामिनची लाट यायला हवी. ती किती मागोमाग यायला हवी, हे जपानी संशोधकांनी २०१४ साली उंदराच्या मेंदूच्या कापावर दाखवले: सांध्यावरील सूक्ष्म काटा जाड होण्यासाठी डोपामिन ०.३ ते २ सेकंदांच्या आत पोहोचावे लागले. त्यापेक्षा उशीर झाला की संधी गेली. उंदराच्या काट्यावरून माणसाच्या दिनचर्येवर थेट उडी मारू नये हे खरे. तरीही ‘महिनाभर नियमाने चाललो तर महिन्याअखेरीस स्वतःला नवे बूट घेईन’ हे आमिष सांध्यांपर्यंत का पोहोचत नसावे, याचा अंदाज यावरून येतो.

याहूनही सुंदर चित्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेतून आले. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळात उंदीर सोडायचा. झडप उघडल्याचा ‘टक्’ आवाज झाला की तो धावतो, वाटेत वाजणाऱ्या सुरावरून डावीकडे की उजवीकडे ते ठरवतो आणि टोकाला चॉकलेट मिळवतो. पहिल्या दिवसांत उंदीर हुंगत, थबकत जातो आणि त्याच्या स्ट्रायटममधील पेशी संपूर्ण धावभर पेटलेल्या असतात. सराव वाढतो तशी मधली धामधूम शांत होते. उरतात दोन ठळक लाटा: एक सुरुवातीला आणि एक शेवटी, जणू वाक्याला सुरुवातीचा आणि शेवटचा कंस पडावा. मधल्या पावलांचा एक गठ्ठा बनला आहे आणि आता तो गठ्ठा एकदम उचलला जातो. दाराला कुलूप लावून जिना उतरल्यावर ‘कुलूप लावले ना?’ अशी शंका का येते, याचे उत्तर बहुधा इथेच असावे.

याच प्रयोगाचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. चॉकलेट देणे बंद केल्यावर उंदरांची धाव हळूहळू थंडावली आणि पेशींतील कंसही पुसट झाले. मग चॉकलेट पुन्हा ठेवले, तेव्हा सगळी शिकवणी पहिल्यापासून करावी लागली नाही. जुना नमुना झटपट परत आला. तो पुसला गेलाच नव्हता, दाबून ठेवलेला होता. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणीत चिडचिड आहे, पण शरीरशास्त्रही आहे.

हे सारे उंदरांचे झाले, माणसाचे काय? सॅन डिएगो येथील लॅरी स्क्वायर यांच्या गटाने अभ्यासलेल्या ई. पी. नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा मेंदू विषाणुजन्य दाहात इतका होरपळला होता की नव्या घटना लक्षात ठेवण्याची क्षमता त्यांच्यात उरलीच नव्हती. त्यांच्यापुढे वस्तूंच्या आठ जोड्या मांडल्या जात आणि प्रत्येक जोडीत एकच वस्तू नेहमी बरोबर असे. आपण हे पूर्वी केले आहे, हे त्यांना प्रत्येक बैठकीत नव्यानेच कळे, आणि तरीही आठवड्यांमागून आठवडे त्यांचा हात अधिकाधिक वेळा बरोबर वस्तूकडे जाऊ लागला. मग संशोधकांनी सोळाही वस्तू एकत्र ठेवून ‘यांतल्या बरोबर वस्तू वेगळ्या करा’ असे सांगितले, तेव्हा त्यांना ते जमले नाही. वस्तू त्याच होत्या, पण मांडणी, म्हणजेच खूण, बदलली होती. सवयीचे ज्ञान असे खुणेला बांधलेले असते. ते सुटे करून दुसरीकडे वापरता येत नाही.

डोपामिनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘डोपामिन डिटॉक्स’ नावाचा एक प्रकार सध्या जोरात विकला जातो. डोपामिन हे विष नव्हे, त्यामुळे एक दिवस फोन बंद ठेवून ते शरीरातून ‘निघून’ जात नाही, आणि ते खरोखरच कमी झाले तर काय होते हे पाहायचे असेल तर पार्किन्सन झालेल्या माणसाला सदऱ्याचे बटण लावताना पाहावे. फोनपासून दूर राहणे चांगलेच आहे, पण त्यासाठी रसायनशास्त्राची विटंबना करण्याची गरज नाही.

अधिक काम उरकावे म्हणून ज्यांना दिनक्रम बसवायचा आहे, त्यांना या चेताशास्त्रातून काय घेता येईल? एक गोष्ट म्हणजे निश्चयापेक्षा खुणेकडे लक्ष द्यावे. अमेरिकेतील एका प्रयोगात चित्रपटगृहातील प्रेक्षकांना ७ दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले गेले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची सवय होती, त्यांनी ते शिळे आहेत हे जाणवूनही ताज्याइतकेच खाल्ले. तशीच सवय असलेल्या इतरांना बैठकीच्या खोलीत बसवले, किंवा चित्रपटगृहातच नेहमीच्या नव्हे तर दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हा मात्र हात आवरला. म्हणून नकोशी सवय मोडताना इच्छाशक्तीशी झोंबण्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. लेख लिहिणे, हिशेब तपासणे, गणित सोडवणे ही कामे कधीच सवय होत नाहीत आणि होऊही नयेत, कारण सवय फळाकडे पाहत नाही आणि या कामांत क्षणोक्षणी फळाकडे पाहावे लागते. सवय होऊ शकते ती टेबलापाशी जाऊन बसण्याची आणि वही उघडण्याची, म्हणजे फक्त सुरुवातीच्या कंसाची. पहाटे ४ ते रात्री १० पर्यंतचे रकाने आखलेली वेळापत्रके टिकत नाहीत याचे एक कारण हेही असावे की ‘सकाळी ६’ ही स्ट्रायटमला दिसणारी खूण नाही. विसळून पालथा घातलेला चहाचा कप ही आहे. लॅली यांच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष इथे दिलासा देतो. एखादा दिवस चुकला तरी आलेखाच्या चढणीवर लक्षणीय परिणाम झाला नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली नवी सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये असे बजावले होते, आणि एक दिवस हुकला की सगळे सोडून देणाऱ्यांची मानसिकता अजून त्याच इशाऱ्यावर चालते.

गेल्या वर्षी आम्ही घर बदलले. पहिले काही दिवस संध्याकाळी माझी स्कूटर जुन्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळायची, आणि सकाळी लिहायला बसण्याची दहा वर्षांची सवय मात्र एका रात्रीत नाहीशी झाली, कारण तिची खूण असलेली खिडकीजवळची खुर्ची आता वेगळ्या खोलीत, वेगळ्या उजेडात होती. आता मी ती कप विसळण्याला जोडली आहे. ११ आठवडे झाले, मध्ये पाच-सहा दिवस चुकले, आणि अजूनही अधूनमधून कप हातात घेऊन मी ओट्यापाशी उभा राहतो आणि आता काय करायचे होते, ते आठवू लागतो.