स्पॉटिंग स्कोपमधून व्हिडिओ : कॅमेऱ्याचा प्रश्न इथवर कसा आला

स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे दूरचे पक्षी बघायच्या एकनळी दुर्बिणीला, कुठला कॅमेरा लावू असं कुणी विचारलं की लोक लगेच मेगापिक्सेल आणि 4के वर घसरतात. पण मागची पंचवीस वर्षं बघा, निकाल बहुतेक वेळा लागलाय तो कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवर, म्हणजे ती केवढी आहे आणि झूम केल्यावर बाहेर येते का यावर.

आयपीसमागे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगामागे, कॅमेरा धरून फोटो काढणं तसं जुनंच, टेलिस्कोपवाले चंद्राचे फोटो असे काढायचे. पण फिल्मवर काय आलंय ते रोल धुतल्याशिवाय कळायचं नाही, आणि पक्षी तोवर कशाला थांबतोय. डिजिटलमुळे हे बदललं. 1999 मध्ये निकॉनचा कूलपिक्स 950 आला, फक्त 2 मेगापिक्सेलचा, आणि मलेशियाचे पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी तो स्कोपला लावून जे फोटो काढले त्यामुळे डिजिस्कोपिंगच्या (स्कोपमधून डिजिटल फोटो काढण्याच्या) सुरुवातीच्या मंडळींत त्यांचं नाव आजही आधी घेतात. त्या कॅमेऱ्यात खास काय होतं? लेन्स बारीक, झूम आतल्या आत, पुढे 28 मिमीचा फिल्टर थ्रेड म्हणजे फिल्टर बसवायचे आटे, त्यामुळे स्कोपला जोडणारा अ‍ॅडॅप्टर सहज बसायचा. स्कोपसाठी तो बनवलाच नव्हता हे विशेष.

बारीक लेन्स का लागते तेही सांगतो. 80 मिमी व्यासाच्या पुढच्या भिंगाचा स्कोप 20एक्स वर, म्हणजे वीस पट मोठं दाखवत असेल तर आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत जेमतेम 4 मिमी जाडीचा असतो, आणि कॅमेऱ्याच्या लेन्सची आतली पुपिल, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, त्या झोतापाशी पोचली नाही की कडा काळ्या पडतात. शिवाय 50 मिमीची लेन्स लावली तर हिशोबाने फोकल लेंथ 50 गुणिले 20 म्हणजे 1000 मिमी आणि एफ 12.5, प्रकाश इतका कमी की संध्याकाळी व्हिडिओत नॉइज, म्हणजे दाणे, येणारच, म्हणून प्रकाश टिपणारा सेन्सर थोडा मोठा हवासा वाटतो. पण मोठ्या सेन्सरची लेन्सही मोठी, इथेच गाडी अडते.

व्हिडिओ तेव्हा नावालाच होता. 2000 चा कूलपिक्स 990 घ्या, 320 बाय 240 पिक्सेल, सेकंदाला 15 फ्रेम, चाळीसेक सेकंद, आवाज नाही. 2008 मध्ये निकॉन डी90 ने एसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात) व्हिडिओ आणला पण ती बॉडी जड, आयपीसवर लोंबकळणारी. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी1 आला, व्हिडिओ नव्हता, पण आरसा गेला, बॉडी हलकी झाली, आणि 2009 च्या जीएच1 मध्ये फुल एचडी आलं. माझ्या मते स्कोपमधून व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी खरं वळण हेच, कारण हलकी बॉडी, झूम नसलेली छोटी लेन्स आणि स्क्रीनवर मोठं करून मॅन्युअल फोकस हे सगळं एकत्र मिळालं. 2012 च्या सोनी आरएक्स100 सारखे 1 इंची सेन्सरचे छोटे कॉम्पॅक्ट कॅमेरेही लोकांनी लावले, मात्र त्यांची लेन्स चालू करताच पुढे सरकते तेव्हा आयपीसला धडकणार नाही असा अ‍ॅडॅप्टर लागतो.

मग फोन. 2009 च्या आयफोन 3जीएस मध्ये व्हिडिओ आला आणि त्यापुढच्या काही वर्षांत 1080पी, 4के असं वाढत गेलं. फोनची लेन्स इवलीशी, जागची न हलणारी, कूलपिक्समध्ये जे हवं होतं तेच. आता मात्र मागे दोन-तीन लेन्स असतात आणि उजेड कमी झाला किंवा झूम केलं की फोन आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो, ती आयपीससमोर नसते, आणि चालू शॉटमध्ये चित्र काळं होतं. म्हणून हल्ली फोन निवडताना लेन्स लॉक करता येते का, निदान तसं अ‍ॅप चालतं का, हे आधी बघावं लागतं.