पुस्तकाला पाय लागला तर नेमके काय बिघडते?

पुस्तकाला चुकून पाय लागला की हात आपोआप पुस्तकाकडे जातो आणि तिथून कपाळाला. परीक्षेच्या आदल्या रात्री तर हमखास. नाही केले तर सरस्वतीचा कोप होईल, अभ्यास डोक्यात राहणार नाही, ही धास्ती लहानपणीच मनात बसलेली असते. पुस्तकाच्या बाजूने पाहिले तर कागद तोच, शाई तीच. जे घडते ते आपल्या मेंदूत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यावरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ त्यांनी रसात टाकून काढले. झुरळ निर्जंतुक होते हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. दुसऱ्या प्रयोगात लोकांच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत साखर भरली. ‘साखर’ आणि ‘सोडियम सायनाइड’ या चिठ्ठ्या लोकांनी स्वतःच बाटल्यांना चिकटवल्या, तरी सायनाइडच्या बाटलीतल्या साखरेचे पाणी प्यायला ते कचरले. एकदा स्पर्श झाला की गुण चिकटला, मग धुवा नाहीतर उकळा, असा हा मनाचा हिशोब. जंतू डोळ्यांना दिसत नव्हते त्या काळात अशा अतिसावधपणाने माणसांचे जीव वाचवले असतील, असे अनेक संशोधक मानतात.

पण पायाच्या बाबतीत हा हिशोब मला फार विचार करायला लावतो. ज्या पायाने पुस्तक विटाळते, तोच पाय आजोबांचा असला की आपण वाकून त्याला हात लावतो. संतांच्या पादुका डोक्यावर घेतो, चरणतीर्थ पितो. घामाच्या ग्रंथी आणि त्या घामावर जगणारे जीवाणू दोन्ही पायांवर सारखेच असतात. म्हणजे प्रश्न मळाचा नाहीच, मानाच्या उतरंडीचा आहे. पाय खालचा, डोके वरचे. आणि मोठ्यांचे खालचे अंगही धाकट्याच्या मस्तकापेक्षा वरचे.

पाया पडल्याने दोन शरीरांचे ‘सर्किट’ पूर्ण होऊन ऊर्जा वाहते, असे संदेश फिरत असतात. त्यात तथ्य नाही. हृदयाचे विद्युत संकेत त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्ट भरतात. बोटे टेकवून त्यातून आशीर्वाद वाहत नाही. आजीला वाकून नमस्कार करावा, जरूर करावा. तिला बरे वाटते, आपल्यालाही वाटते. त्यासाठी खोट्या विज्ञानाचा टेकू कशाला हवा?

पुस्तकाला नमस्कार केल्याने कुणाचे नुकसान होत नाही. पण स्पर्शाने दर्जा बदलतो हीच समजूत माणसांना लावली गेली, तेव्हा तिने पिढ्यान्‌पिढ्या चिरडल्या. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो दलित सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. माणसाच्या ओंजळीने जे पाणी बाटले, ते शेण आणि गोमूत्र घातल्यावर शुद्ध ठरले! रसायनशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर ते आधीपेक्षा घाणच झाले होते. त्या तळ्यावरचा दलितांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य व्हायला १९३७ साल उजाडावे लागले.